चादरीचं दुसरं टोक

सोमवार, ३ तारीख

आमच्या घरी चादरीची घडी घालायला दोघं लागायची. दोन टोकं माझ्या हातात, दोन धाकट्या भावाच्या. ताणायची, झटकायची, मग पावलं टाकत एकमेकांकडे यायचं. त्याआधी तो एक हिसका द्यायचाच, आणि कधीकधी मुद्दाम सोडून द्यायचा. मी धपकन खाली, आणि तो हसून बेजार. आज ते आठवलं, कारण आजपासून चादरी हेच माझं काम.

व्यसनमुक्ती केंद्र म्हटल्यावर जरा धास्तावले होते, पण जागा छान आहे. लांब व्हरांडा, हिरवी दारं. कपड्यांची कोठी माझ्या ताब्यात; छतापर्यंत फळ्या, साबणाचा वास, कोपऱ्यात माणूस मावेल एवढं लाकडी कपाट. संध्याकाळपर्यंत मी सगळ्यांची मावशी झाले. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, इथे नशा फक्त चहाची, तेव्हा लाजू नका, दोन कप घ्या. नर्सबाईंना सगळे सिस्टर म्हणतात. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आल्या की आम्ही ताठ उभ्या राहायचो. आज या आल्या आणि मी या वयात टुणकन उभी राहिले! त्यांना हसू आवरेना.

येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तपासतात, कामावरच्यांचीही. माझ्या डबीतल्या सुट्या गोळ्या पाहून सिस्टरनी विचारलं. मी म्हणाले, रक्तदाबाच्या.

झोपेच्या आहेत. धाकटा गेल्यापासून, चौदा वर्षं. आधी अर्धी घ्यायचे, आता दोन. खोटं का बोलले कोण जाणे.

मंगळवार, ४ तारीख

काल एक ट्रक-ड्रायव्हर दाखल झालाय. आडदांड माणूस, पण हात असे कापतात की कप धरवत नाही. मी त्याची चादर बदलली तर म्हणाला, मावशी, इस्त्रीच्या चादरीवर मी लग्नात झोपलो होतो, त्यानंतर आज. सगळे हसलो.

मला मात्र लाज वाटली. हा माणूस सगळं सोडायला आलाय, आणि त्याची चादर घालणारी रोज दोन गोळ्या गिळते. संध्याकाळी डबी संडासात रिकामी करून पाणी ओढलं. मन घट्ट केलं की सुटतं.

हेच वाक्य मी धाकट्याला म्हणाले होते.

बुधवार, ५ तारीख

डोळ्याला डोळा नाही. जीभ कोरडी, कानात सतत गुणगुण. इस्त्री दोनदा हातातून सुटली.

ड्रायव्हरजवळ पाळीपाळीने कुणी ना कुणी बसलेलं असतं. मी सिस्टरना म्हटलं, आता तर तो पीतही नाही, मग एवढी राखण कशाला? त्यांनी शांतपणे समजावलं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की शरीर उलटतं. नसलेल्या मुंग्या दिसतात, झटके येतात. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, माणूस जाऊसुद्धा शकतो. म्हणून औषध द्यायचं, हळूहळू उतरवायचं, एकटं सोडायचं नाही. जाताजाता म्हणाल्या, झोपेच्या गोळ्यांचंही तसंच.

मी तिथेच स्टुलावर बसले.

धाकट्याला खोलीत मीच कोंडलं होतं. प्रेमानेच. किल्ली माझ्या कमरेला. घरच्यांना बजावलं होतं, कितीही ओरडला तरी उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी तो आतून सांगत होता, ताई, छतावर मुंग्या आहेत. मी म्हणाले, नाटकं पुरे. तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज थांबला. मला वाटलं, झोपला एकदाचा. मी घरात सगळ्यांना पाऊल न वाजवता चालायला सांगितलं.

सगळे म्हणाले, दारूने गेला. चौदा वर्षं मीही तेच म्हणत आले.

गुरुवार, ६ तारीख

दुपारी चार. कोठीत एकटीच घडी घालत होते. चादर झटकली आणि ती खाली आलीच नाही. समोरचं टोक हवेत, ताणलेलं, कुणीतरी धरल्यासारखं. मग एक हिसका. तोच. मी त्याचा हिसका ओळखणार नाही?

मी सोडून दिलं. चादर कपाटाच्या दारापाशी पडली. तिच्यावर मुंग्या होत्या. झटकली, तर एकही नाही.

स्वयंपाकीणबाईंनी विचारलं, तोंड का पांढरंफटक? मी म्हणाले, ऊन. सिस्टरना सांगायला दारापर्यंत गेले नि परतले. नोकरी जाईल म्हणून नाही. त्याने सोसलं, मग मी का नको?

शुक्रवार, ७ तारीख — सकाळ

आज माझा तिसरा दिवस. कोठीत येऊन आतून कुलूप लावलंय. किल्ली कमरेला, तशीच.

कपाट आतून वाजतंय. हळू, बोटांच्या पेरांनी. ताई, उघड. मी म्हटलं, ये, घेऊन जा मला. वाजणं थांबत नाही. ताई, उघड —

दुपार

अक्षर पाहा माझं. शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस —

कपाट उघडलं. आत चादरीच. आवाज आता कोठीच्या दाराकडून. तो कपाट म्हणतच नव्हता. हे दार म्हणतोय. *माझं* दार —

किल्ली भोकात जात नाही, हात फार — पडली. दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवली, कुलूप बाहेरूनही उघडतं. ओरडले, आवाज फुटत नाही. व्हरांडा झोपलेला. सगळे पाऊल न वाजवता —

वही सापडेल त्याने सिस्टरना *आधी* सांगायचं, गोळ्या रक्तदाबाच्या नव्हत्या. झोपेच्या. चौदा वर्षं, हल्ली रोज दोन, मंगळवारपासून बंद. हे आधी. बाकी मागाहून.

चष्मा स्वयंपाकीणबाईंना, तांदूळ निवडायला. लोकर आणि अर्धा स्वेटर ड्रायव्हरच्या बायकोला, बाही तिने पुरी करावी. धाकट्याचा फोटो सिस्टरना. कुणाची ताई, कुणाची आई घरी कोंडून दारू सोडवायची म्हणाली, तर तिला तो दाखवा, आणि ही वही —

भिंतीवर मुंग्या. नाहीत. आहेत —

चादर उचलली गेली. माझ्याकडची दोन टोकं डाव्या मुठीत घट्ट धरलीत. तो दाराकडे ओढतोय. हिसका. पुन्हा —

बाहेर पावलं? की —

धाकट्या, ओढ. या वेळी मी सोडणार नाही, सोडणार ना