गांधीबागेत न गायलेलं गाणं

बाबा, काल रेडिओवर तुमचं ते मेहुणीचं गाणं पुन्हा लागलं. निवेदिका म्हणाली, विदर्भाच्या मातीतला आवाज. मी भाजी चिरत होते, हसूच आलं. माती कुठाय त्या गाण्यात? मेहुणीची कंबर आहे, ओढणी आहे आणि मध्येच एक शिट्टी. अजूनही वरातीत बँडवाले ते वाजवतात आणि दारू प्यायलेले मामे नाचतात. तेवढीच त्याची लायकी, आणि तेवढ्यावर तुम्ही मोठे कलावंत झाले.

त्याआधीची तुमची गाणी कुणाला माहीत नाहीत. उमरेडच्या आपल्या खोलीत हातमाग होता. आई सुताच्या कांड्या भरायची, तुम्ही विणता विणता इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याच्या ठेक्यावर गाणी जुळवायचे. त्यातलंच खाणीचं गाणं. बाप कोळशानं काळा होऊन वर येतो, लेकरू त्याला ओळखत नाही, आईच्या पदराआड लपतं. शेवटच्या कडव्याला तुम्ही आवाज असा वर न्यायचे की आईचा हात थांबायचा. ऐकणाऱ्या आम्ही दोघीच.

मग तबकडी काढायला म्हणून मुंबईला गेले ते गेलेच. हळूहळू पत्रंही थांबली. आणि एका वर्षी कळलं, गांधीबागेत कापडवाल्यांच्या गणपतीत तुमचा कार्यक्रम आहे. आई ठेवणीतलं लुगडं नेसते. एसटीनं आम्ही नागपूरला येतो, अगदी पुढे सतरंजीवर बसतो. तुम्ही चमचमता कोट घालून येता. मेहुणीचं गाणं संपतं, टाळ्या पडतात, आणि आई उभी राहते.

"अवो, खाणीचं म्हणा नं!"

तुम्ही सरळ तिच्याकडे पाहता. ओळखता, ते मला दिसतं. आणि माईकवर म्हणता, "रडाचं असन त घरी रडा, बाई. अथी लोकं मजा कराले आले." सगळा मांडव हसतो. आई खाली बसते, पदर नीट करते आणि कार्यक्रम संपेपर्यंत हलत नाही.

परतीच्या बसमध्ये मी रडत होते. आई म्हणाली, "काहून रडून राहिली वं? त्याले वरचा सूर लागतच नाही आता. पहिल्याच गाण्यात समजलं मले." घरी आल्यावर तिनं मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं आणि सकाळी स्वतः मागावर बसली. त्याच मागावर तिनं मला वाढवलं. पुढे तुम्ही मेल्याचं सांगायला माणूस आला, तेव्हा तिनं त्याला पाणी दिलं आणि पुन्हा विणायला बसली. तुमच्यासाठी तेवढा वेळसुद्धा जास्तच होता.

हे पाठवायला पत्ता नाही. असता तरी मी तिकीट लावलं नसतं. एवढंच कबूल करते, त्या खाणीच्या गाण्याइतकं चांगलं गाणं मी पुढे कुणाकडूनच ऐकलं नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर रोज म्हटलं असतं.