त्याला माझ्या हातचं नको

आई, तुझा नातू आता अकरा महिन्यांचा आहे. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे बाळाला वरचं अन्न कसं सुरू करायचं, हे तुला विचारायची वेळच आली नाही. विचारावं लागेल असंही वाटलं नव्हतं. तुर्भ्याच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत तुझी अंगणवाडी होती आणि शाळा सुटली की मी तिथेच येऊन बसायचे. खिमट किती पातळ करायचं, नाचणीचं सत्त्व कसं काढायचं, भाजलेली मूगडाळ कधी घालायची, हे तू बायकांना इतक्यांदा सांगितलंस की मला ते पाढ्यांसारखं पाठ झालं होतं. म्हणून सहावा महिना लागल्यावर मी मोठ्या विश्वासाने नवी वाटी आणि छोटा चमचा काढला.

त्याने पहिल्या दिवशी थुंकलं, दुसऱ्या दिवशी थुंकलं. मी म्हटलं, होतं असं. मग भोपळा करून पाहिला, गाजर, वरणाचं पाणी, तुपातला मऊ भात, रताळं. आठवा महिना उजाडला तरी तो घरचा एक घास गिळत नव्हता. बाजारच्या डब्यातली पावडर कोमट पाण्यात कालवून दिली की मात्र सगळी वाटी संपवायचा. दोन महिने त्याचं वजन हललं नव्हतं. डब्याचं झाकण उघडताना मी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे. घरात नवऱ्याशिवाय कोणी नसायचं आणि डबा तर त्यानेच आणलेला असायचा. मग दार कोणासाठी लोटत होते, ते तुला कळलं असेल.

एक बाई आठवते तुला? वजनाच्या दिवशी आलेली, हिरव्या साडीतली, अंगाने अगदी बारीक. काट्याच्या झोळीत तिचं बाळ लटकतंय आणि तिच्या पिशवीतून बिस्किटाचा पुडा डोकावतोय. मी कोपऱ्यात चित्रांची कार्डं कापत बसले आहे. तू पुडा बाहेर काढून सगळ्यांसमोर धरलास. ती म्हणाली, "बाई, तो घरचं काहीच खात नाही हो." तू म्हणालीस, "लेकरू खात नाही असं नसतं. भरवणारीला कंटाळा असतो." बाकीच्या बायका हसल्या. तिने बाळाला झोळीतून उचललं, टोपडंही न घालता निघून गेली. पुढच्या महिन्यात ती आली नाही. तू दोनदा तिच्या खोलीवर गेलीस, तिने दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा परत आलीस तेव्हा तू तिच्या बाळाच्या वजनाचा तक्ता काढून बघत बसली होतीस. तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता, आई. ती बाई चुकली आणि माझी आई बरोबर, एवढंच मला कळत होतं.

आता ऐक. एका रविवारी दुपारी मी त्याला मांडीत घेतलं, त्याचे दोन्ही हात माझ्या एका हाताखाली दाबले, गाल दोन बोटांनी चेपून तोंड उघडलं आणि भाताचा चमचा आत लोटला. मला कंटाळा आलेला नाही, हे कुणाला तरी दाखवून द्यायचं होतं बहुतेक. त्याला ठसका लागला. आवाजच येईना. ओठ निळे पडायला लागले. नवरा धावत आला, त्याला पालथा करून पाठीत थोपटलं, तेव्हा भात बाहेर पडला आणि तो रडला. तो रडला म्हणून मी रडले. नवरा ओरडला नाही. त्याला छातीशी धरून एवढंच म्हणाला, "बास. आता तू त्याला भरवायचं नाही." त्यानंतर चमचा दिसला तरी पोरगं मान फिरवायचं. डॉक्टरही म्हणाले, जबरदस्ती पूर्ण बंद, समोर ठेवा, त्याला हाताने चिवडू दे.

मी कामावर जाते तेव्हा त्याला सारसोळ्याच्या एका मावशींकडे ठेवते. तिथल्याच त्या, कोळ्यांच्या जुन्या गावातल्या, साठीच्या. एक दिवस ऑफिसातून लवकर सुटले आणि न कळवता गेले. दार उघडंच होतं. मावशी जमिनीवर ताट घेऊन बसलेल्या, हा त्यांच्या मांडीला टेकून. त्या जिताड्याचा काटा काढून मऊ तुकडा भातात कुस्करत होत्या आणि त्यांचा हात पोचायच्या आत हा त्यांचं मनगट धरून तोंडाकडे ओढत होता. मी चपला न काढता उंबऱ्यावरच उभी राहिले.

"ये गो, बस," मावशी दचकून म्हणाल्या. "मसाला नाय हा त्यात, निस्ती हलद नि मीठ हाय. दोन आठवडं झालं, माज्या ताटातला जेवतंय. तुला सांगनार व्हते, पन म्हटलं, तुला वाईट वाटंल."

मी आत जाऊन बसले. मावशींनी ताट माझ्याकडे सरकवलं, "तू दे बरं एक घास." मी त्यांच्यासारखाच बोटांनी भात कुस्करला आणि पुढे केला. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि मावशींच्या पदरात तोंड खुपसलं. अन्न तेच होतं, आई. ताटही तेच.

वजन वाढतंय आता. घरी मी त्याच्यासमोर थाळी ठेवते आणि लांब बसते. तो भात चिवडतो, फासतो, थोडा खातो. मी जवळ सरकले की थांबतो. डॉक्टर म्हणतात, विसरेल. विसरेलही. त्या बाईचं बाळ पुढे काय खायला लागलं, त्याचं वजन वाढलं का, हे मला आताशा सारखं जाणून घ्यावंसं वाटतं. तुलाही वाटत असणार, नाहीतर तू दुसऱ्यांदा तिच्या दाराशी गेली नसतीस. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहून टाकते. ती अजून नवऱ्यालाही सांगितलेली नाही. त्याला मावशींच्या ताटातलं जेवताना पाहिलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, डॉक्टरांनी वर्षाचा होईपर्यंत मासे बंद सांगितलेत. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि "बरं बाय" म्हणाल्या. तेव्हापासून त्या त्याचा वरणभात वेगळा काढतात आणि तोही तो त्यांच्या हातून आनंदाने खातो. डॉक्टर माशांबद्दल एक शब्दही बोललेले नाहीत.