दोन कड्यांचा पट्टा

बाबा, काल मी जुनी जीन्स कापून पट्टा शिवायला बसले. नळीसारखी पट्टी शिवून झाली, पण सुलटी करताना मध्येच अडकली. तुम्ही विणायच्या सुईने ती कशी सर्रकन बाहेर काढायचात! राजधानीतल्या द्वारकेचा तो फ्लॅट, ऑफिसातून येऊन शर्टसुद्धा न बदलता मशीनवर बसलेले तुम्ही, आणि आई चहा ठेवत म्हणतेय, "टेलरमास्तर, आज लेडीज की जेंट्स?" मॉलच्या काचेत मी पाहिलेला पट्टा तुम्ही सोफ्याच्या उरलेल्या कापडातून हुबेहूब करून द्यायचात. मैत्रिणी विचारायच्या, "यार, कहाँ से लिया?" मी मॉलचं नाव सांगायचे.

मग दुसऱ्या वर्षात मी कॉलेजच सोडलं, मानेसरच्या कारखान्यात लागलेल्या त्याच्याशी लग्न करायचं म्हणून. त्या आठवड्यात घरात नुसतं तुमचं मशीन चालत होतं. रविवारी सकाळी गळ्यात टेप, मान खाली, आणि एकदम विचारलंत, "त्याची कंबर किती?" मी पेटलेच. "का? कुस्ती लावायचीय त्याच्याशी?" तुम्ही म्हणालात, "अगं, ऐक तर..." मी कशाला ऐकतेय! तो अंगाने जाड. तुम्ही त्याला बाल्कनीतून पाहिलं होतंत. मला वाटलं, त्यावरूनच टोमणा मारताय. जेवणाआधी बॅग भरून निघाले. तुम्ही होतात तोवर परत आले नाही.

तुम्ही गेल्यावर आईने कपाटातून पट्टा काढून दिला. निळा, आत ताठ राहायला जाड बकरमचं अस्तर, कडेने दुहेरी शिलाई. भोकं नाहीत, एका टोकाला दोन कड्या, दुसरं टोक त्यांतून ओवून हवं तेवढं आवळायचं. "माप सांगितलं नाहीस ना," आई म्हणाली, "म्हणून असा केला. कुठल्याही कंबरेला बसेल म्हणाले. जावयाला पहिल्यांदा रिकाम्या हाताने कसं भेटायचं, हेच चाललं होतं त्यांचं."

तो रोज तोच घालतो. सकाळी कड्या वाजल्या की मी ओट्याकडे तोंड करते. आता कापड कड्यांपाशी विरलंय, म्हणून कालचा खटाटोप. कड्या तुमच्याच लावणार आहे. हा कागद तरी कुठे पाठवू? या कागदाचीच पट्टी कापून पुन्हा माप आखीन. काल त्याच्या कंबरेला टेप लावली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खरं सांगू, बाबा? त्या रविवारी मी शांतपणे ऐकून घेतलं असतं, तरी मला उत्तर देता आलं नसतं. ज्याच्यासाठी घर सोडत होते, त्याची कंबर मलाही माहीत नव्हती.