टेप कोणाच्या पसंतीचा

अण्णा, आज बीडमध्ये एका टेपवाल्याला भर दुकानात झापून आले, आणि घरी आल्यावर कळलं की झापायचं होतं तुम्हाला. मी जुनी व्हॅन घेतलीय. कापसाच्या जिनिंगवर कामाच्या बायका आता मीच नेते, सकाळी गोळा करते, संध्याकाळी सोडते. व्हॅनमधले स्पीकर फाटले म्हणून दुकानात गेले. काय पाहिजे ते मी सांगत होते, तर तो माझ्या डोक्यावरून रस्त्याकडं बघत म्हणतो, "साहेब येतेत का मागून? त्यांना कसलं गाणं लागतं ते कळलं की बरं पडंल." गाडी माझी, कान माझे, आणि हा साहेब शोधतोय. मग मी बोलले. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. पण तो परका माणूस होता, अण्णा. तुम्ही बाप होतात.

तुम्हाला ती कॅसेट आठवत असेल. वरच्या कागदावर देवाचा फोटो होता म्हणून मी बाजारातून तुमच्यासाठी घेतली. तेव्हा नाक्यानाक्यावर कॅसेटी भरून द्यायच्या टपऱ्या निघाल्या होत्या, कोण काय भरून विकतंय त्याला धरबंद नव्हता. तुम्ही सकाळच्या फेरीला हात जोडून ती तुमच्या पॅसेंजरच्या जीपमध्ये लावलीत, आणि आतून इंग्रजी माणूस असा किंचाळला की मागच्या म्हातारीनं पिशवी छातीशी धरली. "अण्णा, टेपात कोण मेलं का बे?" असं कोणीतरी ओरडलं आणि अख्खी जीप हसली. तुम्ही कॅसेट काढून माझ्या मांडीवर फेकलीत. मी ती फेकली नाही. का नाही, ते तुम्ही कधी विचारलं नाही, म्हणून आज सांगते. मी दिवसभर जिनमध्ये उभी असायची. वीसेक मशिनी एका दमात चालायच्या, बोललेलं ऐकू यायचं नाही, नाकाकानात कापूस जायचा. घरी आल्यावर तुमची गाणी म्हणजे मला डास गुणगुणल्यासारखी वाटायची. आणि असायची तरी काय ती? बाई रडतीय, बाई वाट बघतीय, बाई पाया पडतीय. मी ते सगळं तेलगावला सासरी करून आले होते. ह्या कॅसेटमध्ये कोणी रडत नव्हतं. मशीन चालावं तसा ढोल चालत होता आणि माणूस माझ्या वाटणीचं ओरडत होता. काय ओरडतोय ते कळत नव्हतं. कळायची गरज नव्हती.

नवऱ्यानं पुण्यात दुसरी ठेवली होती. मी तुमच्या दारात येऊन राहिले त्याला दोन वर्षं झाली होती. जिनचा सीझन संपला आणि तुमचा जुना टेप जळाला. उमापूरच्या रोडवर पोरं नव्या जीपा आणत होती, पॅसेंजर गाणं ऐकून बसायचा. तुमची जीप रिकामी जायला लागली. मी म्हणाले, माझ्या मजुरीतून बसवू. तुम्ही म्हणालात, "तुझा पैसा, तुझी पसंती बाई." तुमच्याच तोंडचे शब्द आहेत हे.

मग टेपच्या दुकानात आपण दोघं बसलोय, आणि तुमची नजर हटत नाही त्या लाइटच्या पट्टीवरून. गाण्याबरोबर हिरवे-तांबडे दिवे वरखाली नाचतात. दुकानदार म्हणतो चार स्पीकर घ्या, वर बूस्टर घ्या, पार तलवाड्यापर्यंत आवाज जाईल. तेवढे पैसे नव्हते. म्हणून तो सगळंच हलकं देत होता, चार स्पीकर पण कागदासारखे. मी माझी कॅसेट दिली. दोन मिनिटांत म्हणाला, "ताई, कॅसेट खराब झालीय तुमची."

"तशीच हाय ती. वाजवा."

त्या चार स्पीकरवर ढोल असा ऐकू येत होता, जसं कोणी पोत्यातल्या शेंगा हलवतंय. ठोक्याला ठोका चिकटत होता. सावकाश गाण्यात ते झाकून जातं, ह्याच्यात लगेच उघडं पडतं. मी त्याला एकामागून एक जोड्या लावायला लावल्या. तुम्ही लाजून बाहेर जाऊन चहा पिऊन आलात. शेवटी दोनच स्पीकर घेतले पण दमदार, टेप साधा, दिवे नाहीत, आणि स्पीकरचे डबे सगळीकडून बंद. मागून उघड्या डब्यात तो ढोल फुगायचा, बंद डब्यात ठोका लागला की तिथंच थांबायचा. तुम्ही कुरकुरलात, "दिवे नाचतेत ते पॅसेंजर बघतो बाई." मी म्हणाले, "दिवे ऐकू येतेत का?" घरी आणून डबे सीटखाली बसवले. पत्रा थरथरत होता तर मी आतून तरटाचे तुकडे डांबरानं चिकटवले, आठवडाभर नखं काळी होती. आणि मग तुमची भजनंसुद्धा अशी वाजली की टाळ मोजून घ्यावेत. वऱ्हाडवाले तुमचीच जीप मागायला लागले.

आणि लोक विचारायचे, अण्णा, टेप कोणी निवडला? तुम्ही काय सांगायचात?

"जावयानं पाठवला. पुण्याहून."

मला हे कळलं महिनाभरानं, बोरिंगवर पाणी भरताना, शेजारणीच्या तोंडून. "मालक लई जीव लावतेत की गं तुला!" मी घागर तिथंच सोडली. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "तुझी इज्जत ऱ्हाती त्यात." माझी? लग्न झालेल्या लेकीच्या मजुरीवर बापाची जीप सजली, हे तुम्हाला रोडवर सांगवत नव्हतं. लेकीचं घेतलं तर लाज आणि जावयानं दिलं तर मान. मग तो जावई दुसरीबरोबर राहीना का.

आता बैठकीचं बोलते, पुढचा सीझन लागला तेव्हाची. आपल्या दारात लिंबाखाली दोन्हीकडचे लोक बसलेत, जीप बाजूला उभी आहे. मी सोडचिठ्ठी मागतेय. म्हणतेय, हा मला नांदवत नाही, खर्चाला देत नाही, तोंड दाखवत नाही. तर त्यांच्याकडचे एक म्हातारे पाहुणे हात वर करून म्हणाले, "पोरगा सासऱ्याच्या गाडीला येवढा टेप देतो अन् तू म्हणती नांदवत न्हाई? कावून खोटं बोलती बाई?" मी नवऱ्याकडं बघितलं. त्याला आधी काहीच कळलं नाही. मग कळलं, आणि तो हळूच हसला. "दिलाय की. आता दिलेलं काय बोलून दाखवायचं." पाहुणे म्हणाले, झालं तर मग, उद्या लेक धाडून द्या.

तुम्ही टोपी काढलीत, झटकलीत, परत घातलीत. बस. येवढं केलंत. एक वाक्य होतं, अण्णा. "टेप माझ्या लेकीनं घेतलाय." जन्मभर तुम्ही रोडवर आरडाओरडा करून पॅसेंजर भरले, आणि त्या दिवशी तुमच्या घशातून एक वाक्य निघालं नाही. मी तेलगावला परत गेले असते. तुमच्या टोपीपायी.

मीच बोलले. नवऱ्याला म्हणाले, "तुमी दिला ना? मग सांगा, स्पीकर किती हायत?"

त्यानं जीपकडं मान लांब केली. सीटखालचं काय दिसणार. "चार," म्हणाला.

"दोन हायत, दाजी!" मागून कोणीतरी ओरडलं आणि आपल्या गल्लीतली पोरं खिदळली. दुसरा म्हणाला, "दाजीनं दोन वाटंत इकले वाटतं!" नवऱ्याचं तोंड लाल झालं. तो उठला, त्या म्हाताऱ्या पाहुण्यांना पण उठवलं, आणि म्हणाला, ठेवा तुमची लेक अन् तुमचा टेप. तेवढ्या रागात त्यानं सोडचिठ्ठीच्या कागदावर अंगठा दिला. मला सोडवलं ते त्याच्या रागानं, तुमच्या मायेनं नाही.

वाटलं, आता तरी तुम्ही नीट सांगाल. चार दिवसांनी मी जिनवरून येताना आपल्याच जीपच्या मागच्या सीटवर बसले होते. पुढं कोणी नवा पॅसेंजर म्हणाला, आवाज लई मोकळा हाय, कोणी बसवला? तुम्ही गियर टाकत म्हणालात, "पहिल्या जावयानं दिलता." पहिल्या जावयानं! सोडचिठ्ठी झाली तरी मान त्याचाच. तुमच्या दहाव्यालासुद्धा एक जण मला हेच सांगून गेला, बिचारे अण्णा, जावयाच्या टेपाचं लई कौतुक होतं त्यांना.

लोकांना वाटतं मी कोणाला भीत नाही. आज त्या दुकानदारानंसुद्धा हात जोडले. नवऱ्याला मी चारचौघांत उघडं पाडलं. पण त्या संध्याकाळी मागच्या सीटवर मी तुमच्या मानेकडं बघत बसले आणि गाव येईपर्यंत तोंड उघडलं नाही. हे पत्र जायचं कुठंच नाही, ते मला लिहायला बसतानाच माहीत होतं. जाणार असतं, तर मी ते लिहिलं नसतं, अण्णा. तुम्हाला तोंडावर विचारायची माझी छाती नव्हती, आणि अजून नाही.