वज्रपाद कुणाकडे शिकला?

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून तुझ्या मनात येईल, याचं काहीतरी काम अडलेलं दिसतंय. अडलंय.

आमचा वज्रपाद निवृत्त होतोय. सत्तावीस वर्षं दर महिन्याला चित्रकथेत गुंडांना लाथाडून झाल्यावर तीनशे पंचविसावा अंक शेवटचा, असं नव्या संपादकबाईंनी ठरवलंय. त्या अंकात त्याचं बारा पानी समग्र चरित्र हवंय. मी म्हटलं, त्यात काय, उद्या देतो. तेव्हा त्यांनी एका वाचकाचं पत्र पुढे ठेवलं. गृहस्थ निवृत्त सर्वेयर आहेत. त्यांनी पुराव्यांसह दाखवून दिलंय, की वज्रपाद तिसऱ्या अंकात दीपगृहात जन्मला, छप्पन्नाव्यात सर्कशीच्या तंबूत आणि एकशे बाराव्यात तो भिक्षूंना टोपलीत सापडला. त्याचे वडील दोनदा वारलेत. बाराव्या अंकात मोडलेला डावा हात तेराव्यात मोडलेलाच आहे, पण उजवा. वय मात्र सत्तावीस वर्षं सव्वीसच आहे. माझं कुणी असं धरून ठेवलं नाही.

माझे अंक गच्ची गळून लगदा झाले. तुझ्याकडे सगळे असतील. तू ते वाचले नसशील, पण फेकलेही नसशील. एकदा चाळून काय खरं धरायचं ते कळव. हवेत उडून सात जणांना लोळवणाऱ्याचा हा जन्मदाता काल बुटाची नाडी बांधायला खाली बसला, तो शेजाऱ्यांनी हात दिल्यावर उठला. त्याला एवढी मदत कर.

माया आहेच, ती उत्तरातून दिसावी.

तुझा,
पेन्सिल

१९ जून

चि. पेन्सिलीस,
अनेक आशीर्वाद.

या नावाने हाक मारायची सवय जात नाही. फोटोत तू आता खोडरबर दिसतोस.

तीनशे चोवीस अंक अकरा दिवसांत वाचले. वेळ होता, कारण गुडघ्याने दोन महिने मला मॅटच्या कडेला बसवलंय. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलावा लागेल आणि त्यानंतर कुणाला उचलून आपटायचं नाही. मी विचारलं, मग ज्युदो शिकवायचं कसं? ते म्हणाले, तोंडाने. दोन ऑगस्टला ऑपरेशन आहे. तोवर फर्निचरच्या गोदामावरचा आपला वर्ग थोरल्या विद्यार्थिनी सांभाळतायत. त्यातल्या एक दातांच्या डॉक्टर आहेत. शिस्त चांगली ठेवतात.

आता तुझा हिरो. लाथ मारण्याआधी तो अडीच पानं बोलतो. माझ्याकडे असता तर तेवढ्यात तीनदा आडवा झाला असता. जन्म दीपगृहातला धर, चित्र बरं आलंय. वडिलांना एकदाच मार.

पण एक गोष्ट त्या सर्वेयरांच्या नजरेतून सुटली. पहिल्या आठ अंकांत वज्रपादाला गच्चीवर गाद्या घालून त्याची थोरली बहीण शिकवते. ती वेणी वर बांधते, ओरडते फार, पण शिकवते. नवव्या अंकात डोंगरावर पांढऱ्या दाढीचे गुरुजी उगवतात आणि सगळी विद्या म्हणे त्यांनीच दिली. त्यानंतर ती बाई फक्त पाणी द्यायला येते. एक्केचाळिसाव्या अंकात पुलावरून पडून मरते. तुझा हिरो अर्धं पान रडतो आणि पुढच्या पानावर पाणबुडीत असतो.

मला एवढंच विचारायचंय, तिने काय केलं होतं रे?

जेवण वेळेवर घे. रागावले नाही, हे मुद्दाम लिहितेय, म्हणजे काय ते समज.

ताई

१ जुलै

ती. ताईस,
सा. न. पाया पडून, आणि या वेळी खरोखर वाकून.

चार पत्रं लिहिली आणि फाडली. एकात मी सगळा दोष जुन्या संपादकांवर टाकला होता. तो काही प्रमाणात त्यांचा आहेच. ते म्हणाले होते, बहिणीकडून मार खायला शिकलेला हिरो कोण विकत घेणार, एखादी दाढी शोध. मी बाणेदारपणे नकार दिला असता, असं मला अजून वाटतं. प्रत्यक्षात मी तासाभरात दाढी काढून दिली. वर विचारलं, मिशा हव्यात का?

पुलाचं मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. ते माझं.

तुझ्या ज्युदोच्या निवड चाचणीचा आठवडा आठवतो? आईला ताप होता. ते चार दिवस मी घरी थांबणार आणि तू जाणार, असं ठरलं होतं. मी पहिल्या अंकाची पानं द्यायला म्हणून सकाळी बाहेर पडलो, तो छापखान्यातच रमलो, तिसऱ्या दिवशी परतलो. तू आईच्या उशाशी होतीस. तुझी बॅग दाराशी भरलेली होती. तू फक्त पानं बघायला मागितलीस. पानांवर तूच होतीस. तुझे डाव, तुझी वेणी.

त्यानंतर दर महिन्याला तो चेहरा काढताना हात अडखळायचा. बायका घाबरल्या की झुरळ मारतात, मी बहीण मारली. लोकांना शौर्य शिकवणारा माणूस, ताई, तुला सत्तावीस वर्षांत एक वाक्य बोलू शकला नाही. ते आता लिहितो. माझं चुकलं.

माया ठेव असं म्हणायचा हक्क नाही, तरी म्हणतो.

पेन्सिल

९ जुलै

चि. पेन्सिलीस,
आशीर्वाद, पण आधी दोन शब्द.

बायका घाबरल्यावर झुरळ मारतात, हे तुला कुणी सांगितलं? आपल्या घरात झुरळ दिसलं की टेबलावर चढायचास तू.

आता नीट ऐक. त्या आठवड्याच्या आधीच्या सोमवारी सरावात माझा गुडघा फिरला होता. हाच गुडघा. जिने उतरताना भिंत धरावी लागत होती. चाचणीत पहिल्याच फेरीत सगळ्यांदेखत कोसळले असते. मी कुणाला सांगितलं नाही. तू आला नाहीस, आईचा ताप होता, आणि मला न जाण्याचं सन्मानाचं कारण मिळालं. ती बॅग मी तू येण्याच्या तासभर आधी, दाखवण्यापुरती भरली आणि दाराशी ठेवली. लोक म्हणत राहिले, घरासाठी हिने केवढं सोडलं. मी मान खाली घालून ऐकत राहिले. ऐकायला बरं वाटायचं. तुझी मान खाली गेलेली दिसत होती, तरी बोलले नाही. तेव्हा एक दाढी तू चिकटवलीस आणि एक मी.

तू तीन दिवस गायब झालास, ते चूकच होतं. त्याची माफी मी ठेवून घेते. उरलेली परत पाठवतेय.

पुलाचा राग मात्र आहे. मेली म्हणून नाही, पडली कशी त्याचा आहे. हात पसरून, डोकं मागे टाकून! आयुष्यभर पडायला शिकवणारी बाई अशी पडते? तिला जिवंत कर. भूत म्हणून नको, जुळी बहीण तर मुळीच नको.

दोन ऑगस्टला ये. रंगपेटी आणू नकोस.

ताई

२६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आणि एक कबुलीजबाब.

ऑपरेशननंतर तू विचारलंस की मी लंगडतोय का. मी म्हटलं, पायरी चुकली. ती थाप होती. तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा रोज सकाळी मी तुझ्या वर्गात जात होतो. नीट पडणारी बाई काढायची होती, आणि सत्तावीस वर्षं माणसं पाडूनही स्वतः कधी पडलो नव्हतो. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही दुखणं? मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, होईल.

पहिल्या दिवशी मी जमिनीवर पोचण्याआधीच ओरडलो. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बाहीला लोंबकळलो आणि सोडेना. सहाव्या दिवशी एकदाचा हात मॅटवर असा आपटला, की खालून गोदामवाला काय पडलं म्हणून बघायला आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार करणार होतो, पण उठताच आलं नाही.

परतल्यावर संपादकबाईंना पानं दिली. त्या म्हणाल्या, दाढीवाले गुरुजी वाचकांचे लाडके आहेत, त्यांना खोटं ठरवता येणार नाही. मी म्हटलं, मग चरित्र छापू नका. माझ्या तोंडून हे वाक्य आलं याचं त्यांच्यापेक्षा मलाच जास्त आश्चर्य वाटलं. दोन दिवस रुसवाफुगवी झाली. शेवटी गुरुजी राहिले, पण ते बहिणीचे शिष्य ठरले. बारांतली तिच्यासाठी मला तीन पानं मिळाली. तीनच मिळाली, ताई. पुलाखाली ती पडते, हात आपटते, उठते, वेणी बांधते. आणि खाली छापलंय, वज्रपाद थोरल्या बहिणीकडे शिकला.

औषधं वेळेवर घे. माझ्या कमरेसाठी तुझं मलम पाठव.

तुझा,
पेन्सिल

३० सप्टेंबर

चि. पेन्सिलीस,
अनेक आशीर्वाद. मलम पाठवलंय, कमी लाव.

अंक मिळाला. बहिणीच्या अंगरख्याची डावी बाजू वर हवी, तू उजवी घेतलीस. बाकी चेहरा ठीक आहे. मी इतकी रागीट दिसते का, असं वर्गात विचारलं. कुणीही नाही म्हणालं नाही.

हो, वर्गात. सोमवारपासून जातेय. मॅटच्या कडेला खुर्ची, शेजारी काठी, आणि डॉक्टर म्हणाले तसं फक्त तोंड. तीन दिवस गुणी बाईसारखी बसले. चौथ्या दिवशी तुझ्या डॉक्टरीणबाई एका नवीन मुलीला डाव दाखवताना पाऊल चुकीचं टाकत होत्या. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांचं पाऊल धरून जागेवर ठेवलं आणि हं, आता, असं म्हटलं. मग लक्षात आलं, सगळा वर्ग माझ्या पायांकडे बघतोय. मी मॅटच्या मधोमध उभी होते आणि काठी खुर्चीपाशी होती.

मी असं दाखवलं, की हे ठरवूनच केलं. परत खुर्चीपर्यंत न्यायला दोघीजणी लागल्या. पण पाऊल चुकलंच होतं त्यांचं.

तुझी,
ताई