कार्डावरचं कुंकू

कांदिवली, मंगळवार संध्याकाळ

नवं ग्राफिक्स कार्ड परवा जळलं, म्हणून आज माळ्यावरून जुनं काढलं. ब्रशने धूळ झाडताना वरच्या कडेला कुंकवाचं बोट दिसलं. फिकटलेलं. आईचं.

विसरलोच होतो. हे कार्ड घेतलं त्या दसऱ्याला मी कॉम्प्युटरला हार घालून मोकळा झालो, तर तिने बाजूचं झाकण काढायला लावलं. "डब्याक कसली पूजा रे? आत काम करता तेका लावतंय." आणि सरळ कार्डालाच बोट टेकलं. मी ओरडलो, तिला शॉक लागेल म्हणून. की कार्ड बिघडेल म्हणून?

स्पिरिटचा बोळा सगळीकडे फिरवला, तेवढं कुंकू सोडून. कार्ड बसवलं तर स्क्रीन काळीच. वाट लागली, म्हटलं, आता हे भंगारात. आणि ते कुंकू? तेही? उगाच दोनदा स्क्रू काढले, लावले. मग दिसलं, मॉनिटरची केबल मी गाढवासारखी मदरबोर्डलाच लावून ठेवलेली. कार्डाला लावली आणि स्क्रीन उजळली.

लगेच आईला फोन केला. ती आता गावीच असते, कायमची.

"आई, जुनं कार्ड चाललं गं."

"बरा झाला. जेवलंस?"

"हो."

फोन ठेवला. कुंकवाचं सांगायचं राहिलंच. आणि जेवलो कुठे होतो?

झाकण लावायला घेतलं, परत खाली ठेवलं. धूळ जाईल आत, जाऊ दे. कुकर लावला आणि ताट घेऊन तिथेच बसलो, उघड्या कॅबिनेटसमोर. जेवलो.