बिनफुलांच्या काळातला कापूस

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दगडांवरून तू मला टोमणे मारायची थांबली नाहीस असंच मला वाटतं. परवा जे झालं ते कळलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

गावी, इंझोरीला सुट्टीवर आले की माझ्या बॅगेत कपडे कमी आणि दगड जास्त. "काहून वं, आपल्या वावरात दगडं कमी हायेत काय, कच्छातून वाहून आनून राह्यली थे?" असं म्हणायचीस आणि तोच दगड अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांच्या फडक्यावर ठेवून द्यायचीस, फडकं उडू नये म्हणून. एकदा तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस आणि मी तुला समजावते आहे: हा दगड म्हणजे ज्युरासिक काळात साचलेला गाळ, त्यात तेव्हाच्या झाडांचे पराग अडकलेत, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. पण ती झाडं बिनफुलांची, फुलं पृथ्वीवर अजून यायचीच होती. तू भाकरी उलटतेस, जरा विचार करतेस. "फूल नाही तं बोंड नाही. बोंड नाही तं येचनी नाही. मंग त्या जमान्यात बायाईले लय आराम असन वं!" त्याच सुट्टीत तू वेचणीच्या जुन्या ओटीची, म्हणजे कमरेला बांधून कापूस भरायच्या त्या कापडाची, मला पिशवी शिवून दिलीस. "दगडं यात भर, चांगली बॅग फाडू नको."

यंदा कच्छमध्ये नमुन्यांची प्लास्टिकची पिशवी फाटली, म्हणून मी ते दगड तुझ्या पिशवीत टाकले. लॅबमध्ये दगड आम्लात विरघळवला, उरलेला गाळ काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तपकिरी, चपट्या परागांच्या गर्दीत एक मोठा गोल दाणा, अंगभर काटे, धोत्र्याच्या फळासारखा. फुलझाडाचा! ज्युरासिकमध्ये फूल सापडलं तर पुस्तकं पुन्हा लिहावी लागणार, आणि त्यांत माझं नाव. लॅबभर पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. लॅबचे प्रमुख सर आले, बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "बाकीचे सगळे तपकिरी झालेत, हा एवढा ताजा कसा? नमुना कशातून आणलात?" मी पिशवी दाखवली. पुढचं तू ओळखलंच असशील. कापसाच्या फुलाचा पराग होता तो, तुझ्या ओटीला चिकटून आलेला, आपल्या वावरातला. फोडण्याआधी दगड मी नीट धुतलेच नव्हते. घाई नडली.

चांगलीच तोंडघशी पडले, पण बाहेर येऊन एकटीच खळखळून हसले. ज्या काळात बायांना आराम होता म्हणालीस, तिथेही तू वेचणीला हजर! मग थोडी रडलेही. तू पुन्हा भेटशील असं कुठे वाटलं होतं मला? अहवालात 'बाहेरची भेसळ' असं इमानदारीने लिहिलं. आता उरलेले दगड घासून धुऊन सगळं पहिल्यापासून तपासते आहे. तुझ्या पिशवीला लॅबमध्ये बंदी आहे, आणि आधी ती घरी नेऊन स्वच्छ धुवा असं सरांनी बजावलं आहे. मी "हो सर" म्हणाले.

माय, अजून धुतलेली नाही.